ठोसा थांबतो, मग बोटं का नाही थांबत?

पावसाळ्यात आमच्या ग्रुपवर भांडणं वाढतात, हे मी चार-पाच वर्षं बघतेय. कारण साधं आहे, जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या, लावणी उरकली की माणसं घरात आणि लाइट असली तर मोबाइल हातात. ग्रुप आमचा मार्शल आर्टवाल्यांचा, कराटे, तायक्वांदो, ज्युदो, कुस्ती, लाठी-दांडपट्टा सगळे एकाच ठिकाणी, माणसं अडीचशेच्या आसपास, बरीचशी सिंधुदुर्ग-रत्नागिरीची, काही मुंबईतले चाकरमानी आणि काही घाटावरची. मी मालवण तालुक्यात एका शाळेच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन दिवस कराटे शिकवते आणि ह्या ग्रुपच्या तीन अ‍ॅडमिनपैकी एक आहे.

गेल्या पावसात जे झालं ते मला लिहून काढायचंय, कारण त्यात माझीही चूक होती आणि ती मला अजून टोचते.

माझ्या क्लासची एक मुलगी, बारा वर्षांची, वडील मच्छीमार. त्या दिवसांत ते घरीच होते, मुलीने पडवीत काता, म्हणजे एकट्याने ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली, करून दाखवला, त्यांनी व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं ‘पिनान निदान, माझी मुलगी’ आणि ग्रुपवर टाकला. मागे पागोळ्यांचा आवाज, कोपऱ्यात गुंडाळलेली जाळी आणि ती आपली पूर्ण लक्ष देऊन करतेय. दहा मिनिटांत एका माणसाचा मेसेज आला, हा दुसऱ्या शहरातला, स्वतः क्लास घेणारा, की ‘हे हेइआन शोदान आहे, क्लासला कात्याचं नावसुद्धा माहीत नाही, स्टान्स तर एकदम चुकीचा, बेल्टचं दुकान दिसतंय, बाकी डान्स चांगलाय.’

माझं डोकं फिरलं. मी तिथल्या तिथे टाइप केलं, ‘आधी स्वतःचा बेल्ट दाखवा, मग बोला.’ झालं, शब्दाने शब्द वाढत गेला, त्याचे विद्यार्थी आले, माझे विद्यार्थी आले, कोणीतरी कोणाच्यातरी सरांची लायकी काढली, रात्री बारापर्यंत दीडशेच्या वर मेसेज. सकाळी उठून सगळं वर सरकवत वाचलं तेव्हा लक्षात आलं की त्या दीडशे मेसेजमध्ये त्या मुलीच्या कात्याबद्दल एक वाक्य नव्हतं. माझंही नव्हतं. मी भांडले तिच्यासाठी असं मला वाटत होतं, पण मी भांडले माझ्या क्लाससाठी.

आणि वाईट ह्याचं वाटतं की तो माणूस जे सांगत होता त्यातलं अर्धं खरं होतं, आणि तिच्या वडिलांनी लिहिलेलंही खरंच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ओकिनावामध्ये आंको इतोसु नावाचे गुरू होते, त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळेतल्या मुलांना शिकवता यावेत म्हणून पाच काते बसवले, त्यांना नाव पिनान. त्यांचेच शिष्य गिचिन फुनाकोशी १९२२ साली तोक्योला प्रात्यक्षिक द्यायला गेले आणि पुढे तिथेच राहून शिकवू लागले. त्यांनी ह्या कात्यांचं नाव हेइआन केलं आणि पहिल्या दोघांची अदलाबदल केली, कारण दुसरा शिकायला सोपा. म्हणजे जो पिनानमधला दुसरा तोच हेइआनमधला पहिला. इतोसुंचे दुसरे शिष्य केनवा माबुनी, त्यांच्या शितो-र्यूमध्ये जुनं नाव आणि जुना क्रम तसाच राहिला. आम्ही शितो-र्यूवाले, तो माणूस शोतोकानचा, म्हणजे फुनाकोशींच्या परंपरेतला. मुलीच्या वडिलांनी नाव बरोबर लिहिलं होतं आणि त्या माणसालाही जे शिकवलंय ते बरोबरच होतं. स्टान्सचं तेच, शोतोकानमध्ये लांब आणि खाली बसलेला, आमच्याकडे पुढे जाताना आखूड आणि थोडा वर. एका गुरूच्या दोन शिष्यांच्या घरातली ही गोष्ट, आणि आम्ही शंभर वर्षांनी पडवीतल्या एका मुलीच्या डोक्यावर भांडलो.

त्या माणसाने ‘चुकीचा’ऐवजी ‘आमच्यापेक्षा वेगळा’ लिहिलं असतं तर? किंवा मी ‘बेल्ट दाखवा’ऐवजी ‘तुम्ही शोतोकानचे का?’ एवढं विचारलं असतं तर? दोन-तीन शब्द होते. खरंच दोन-तीन शब्द.

मुलगी पुढच्या मंगळवारी आली नाही, गुरुवारी नाही, शनिवारी नाही. रविवारी मी त्यांच्या घरी गेले. आई चुलीजवळ होती, मला पाट दिला, चहा ठेवला, मुलगी आतल्या खोलीत होती ती बाहेरच आली नाही. वडील पडवीत जाळं तुणत बसले होते, सुईवरची नजर न काढता म्हणाले, “मॅडम, माका कराट्यातला कायेक कळणा नाय. चेडू खुशीत होता म्हणान मी टाकलंय. काय चुकला काय माझा?” मला उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, तुमचं काही नाही चुकलं, आमचं चुकलं. ते म्हणाले, ती विचारतेय, बाबा, माझो डान्स होतो काय?

हे वाक्य मी घरी येईपर्यंत ऐकत होते.

कराटे करणाऱ्याला ‘सुनदोमे’ शब्द माहीत असतो. सुन हे जपानी माप, साधारण तीन सेंटिमीटर, आणि दोमे म्हणजे थांबवणं. पूर्ण जोरात सोडलेला पंच, म्हणजे ठोसा, समोरच्याच्या तोंडापासून तेवढ्या अंतरावर थांबवायचा. ऐकायला सोपं वाटतं पण हे यायला वर्षं जातात, नवीन मुलं एकतर लांबूनच थांबतात नाहीतर नाकावर आदळतात. थांबवायचं कधी हे खांद्यात, कमरेत, श्वासात बसावं लागतं. आमचे सर सांगायचे, मारणं कोणालाही येतं, थांबवून दाखव. आम्ही घामाने निथळत हे शिकतो, मग मोबाइल हातात आला की ती सगळी शिस्त कुठे जाते? समोरच्याचं तोंड दिसत नाही म्हणून अंतर कळत नाही, माझ्या मते एवढंच आहे. हॉलमध्ये समोरच्याचे डोळे बारीक झालेले दिसतात, हात आपोआप आखडतो. स्क्रीनवर डोळे नाहीत. तिथे अंतर शब्दानेच मोजावं लागतं.

फुनाकोशींनी शिष्यांना वीस नियम दिले होते त्यातला पहिलाच असा की कराटे रेईने सुरू होतं आणि रेईने संपतं. रेई म्हणजे ते वाकणं, पण त्याचा अर्थ आदर, सौजन्य. हॉलमध्ये पाऊल टाकताना आम्ही वाकतो, बाहेर पडताना वाकतो, कोण कोणाशी भांडून आला असेल तरी. ग्रुपमध्ये शिरताना कोण वाकतं? रात्री दहा वाजता अंथरुणात पडून ‘फालतू’ असं टाइप करताना कोणीच वाकलेलं नसतं.

आता आमच्या भाषेचा एक विषय आहे जो बाहेरच्यांना पटकन कळत नाही. मालवणीत ‘मेल्या’ ही शिवी नाही. म्हणजे आहे पण नाही. जेटीवर कोण भेटला की “मेल्या, खंय होतंस इतके दिस?” ह्यात जेवढी माया आहे तेवढी ‘नमस्कार, कसे आहात’मध्ये नाही. आणि ‘तू’चंही तसंच, आमच्याकडे आजीला तू, काकाला तू, गाऱ्हाण्यात देवालाही तू. पण हे सगळं आवाजावर चालतं, डोळ्यांवर चालतं, पाठीवर पडणाऱ्या थापेवर चालतं. तेच लिहिलं की आवाज गळून जातो आणि नुसता शब्द उरतो. आमच्या एका मुलाने पुण्याच्या एका ज्युदोच्या सरांच्या व्हिडिओखाली प्रेमाने लिहिलं, ‘मेल्या काय उचललंस रे!’ ते सर पन्नाशीचे. ते ग्रुप सोडून गेले. मुलाला कळेनाच की झालं काय, त्याने तर कौतुक केलं होतं. मी त्यांना फोन करून समजावलं, ते परत आले, हसले पण, पण प्रत्येक वेळी कोण फोन करणार? म्हणून आता मी मुलांना सांगते, मालवणी बोला, खुशाल बोला, व्हॉइस नोट पाठवा, तुमचा आवाज त्यांना ऐकू दे. लिहायचं असेल आणि माणूस ओळखीचा नसेल तर ‘तुम्ही’ लिहा. मालवणी सोडा असं मी कधीच म्हणणार नाही.

आणखी एक शब्द आहे त्याच्याकडे मी हल्ली बारकाईने बघते, तो म्हणजे ‘म्हणे’. हा शब्द फार कामाचा आहे आणि फार धोक्याचाही. ‘बोधिधर्माने भारतातून ही विद्या चीनला नेली म्हणे’ असं लिहिलं तर तो प्रामाणिकपणा, म्हणजे मी ऐकलंय, बघितलेलं नाही. (आमच्याकडे दर दोन महिन्यांनी हा फॉरवर्ड येतो की कराटे, कुंगफू सगळं आपल्याकडूनच गेलं. ज्या ग्रंथावर ही गोष्ट उभी आहे तो १६२४ च्या सुमाराचा, म्हणजे बोधिधर्माच्या काळानंतर हजारेक वर्षांचा, आणि त्याची प्रस्तावना बनावट आहे असं अभ्यासक मानतात. तेव्हा ‘अशी दंतकथा आहे’ एवढं लिहिलं तरी अर्धी भांडणं मिटतात. आपल्या देशाचा अभिमान मलाही आहे, पण त्यासाठी ओकिनावाच्या माणसांची मेहनत खोडायची गरज नाही.) पण तोच ‘म्हणे’ दुसऱ्याच्या नावापुढे लावला की झालं, ‘ब्लॅक बेल्ट म्हणे!’ ही सरळ थोबाडीत. व्याकरण तेच, शब्द तोच. म्हणून स्वतःच्या माहितीला ‘म्हणे’ लावा, दुसऱ्याच्या मेहनतीला नको.

‘खरं’ हा तसाच. ‘खरं कराटे फुल कॉन्टॅक्टच’ असं एकजण नेहमी लिहायचा, चांगला मुलगा आहे, क्योकुशिन करतो, म्हणजे मार न थांबवता पूर्ण जोराने मारायचा प्रकार, बरगड्यांवर मार खाल्लेला. पण तू ‘खरं’ म्हटलंस की बाकी सगळ्यांचं खोटं झालं ना. मग पॉइंटवाले, म्हणजे मार थांबवून गुण मोजणारे, उलटून म्हणायचे की तुमच्याकडे तोंडावर हाताने मारायला बंदी, हे कसलं खरं. दोघांनाही एकमेकांकडून शिकण्यासारखं भरपूर आहे आणि दोघं शब्दांत अडकलेले. एकदा आमच्या ग्रुपमधल्या एका वयस्कर काकांनी, हे तालमीतले, कुस्तीवाले, कराटेशी संबंध नाही, फक्त विचारलं, “तुमच्यात तोंडावर हात मारत नाहीत तर गार्ड कुठे धरायची सवय लागते, आणि मग तो तोंडावर मारणाऱ्यासमोर उभा राहिला तर काय बदलतो?” त्या मुलाने ह्याला दोन पानांचं उत्तर लिहिलं. स्वतःच्या प्रकारातली उणीव स्वतःच सांगितली, त्यावर ते काय करतात तेही सांगितलं. हीच गोष्ट आधी वीस जणांनी टोमणा मारून काढायचा प्रयत्न केला होता. विचारणाऱ्याला खरंच जाणून घ्यायचं असलं की ते वाक्यात दिसतं.

तोक्यो ऑलिम्पिकच्या वेळचं पण आठवतं, २०२१ चा ऑगस्ट. कराटेची ७५ किलोवरील पुरुषांची फायनल, सौदीचा तारेग हमेदी ४-१ ने पुढे होता आणि त्याची किक इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्यात बसली, तो बेशुद्ध पडला, स्ट्रेचरवरून नेला. बेकाबू मारल्याबद्दल हमेदी बाद आणि सुवर्ण गंजजादेहला. आमच्या ग्रुपवर त्या रात्री कोणीतरी ‘नाटकी’ लिहिलं. बेशुद्ध माणसाला. दुसऱ्याने हमेदीला ‘गुंड’ लिहिलं, तो तर रडत उभा होता. मला वाटतं त्या रात्री बोलण्यासारखं खूप होतं, नियम बरोबर आहे का, कंट्रोल कसा मोजायचा, प्रेक्षकाला हे कसं समजावायचं. पण ह्या दोन शब्दांनी सगळ्यावर पाणी फिरवलं. माणसाला नाव ठेवलं की खेळावर बोलायची वाट बंद होते.

तायक्वांदोच्या जागतिक संघटनेने २०१७ साली आपलं नावच बदललं, कारण जुन्या नावाची तीन इंग्रजी आद्याक्षरं ही पोरांनी नेटवर शिवीसारखी वापरायला सुरुवात केली होती. एवढी मोठी संघटना, पण एका अक्षरगटापायी नाव बदललं. शब्दाचं काय एवढं, असं कोणी म्हणालं की मी हे सांगते.

मर्दानी खेळवाल्यांबद्दल लिहायलाच हवं. आमच्या ग्रुपमध्ये दांडपट्टा करणारी चार-पाच मुलं आहेत, त्यांना कोणीतरी म्हणालं ‘तुमचा तो खेळच ना’. आता ते स्वतःच त्याला खेळ म्हणतात, अभिमानाने म्हणतात, मर्दानी खेळ. पण त्यांच्या तोंडचा खेळ आणि ह्याच्या ‘खेळच ना’मधला खेळ एक नाही, त्या ‘च’ने सगळं बिघडवलं. एक ‘च’ हो! त्या मुलांच्या मनगटाकडे बघितलंय का कधी? दांडपट्ट्यात मूठ कोपरापर्यंत झाकलेली असते, मनगट वळत नाही, सगळं खांद्यातून आणि पायातून काढावं लागतं, आणि पातं लवतं, तेव्हा परतीच्या घुमावाला आपलाच कान जाऊ शकतो. ती मुलं एका रिंगणात लिंबू ठेवून कापतात. मी एकदा त्यांच्या सरावाला गेले होते, तास झाला तरी हललेच नाही.

आमच्या दशावतारात बघा. युद्धाच्या आधी दोन राजे समोरासमोर येतात, संवाद कुठे लिहिलेले नसतात, आयत्या वेळी सुचतील तसे, आणि एकमेकांना इतकं टोचून बोलतात की समोरची माणसं बसल्या जागी पुढे सरकतात. पण ‘राजन’ सुटत नाही, ‘महाराज’ सुटत नाही. रात्रभर भांडतात आणि पहाटे एकाच टेम्पोत पेटारे चढवून पुढच्या जत्रेला जातात. मी लहानपणापासून हे बघत आले पण त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं.

त्या भांडणानंतर आम्ही तिघा अ‍ॅडमिननी काही नियमबियम छापले नाहीत. मी आधी ग्रुपवर माफी मागितली, त्या माणसाची सुद्धा, ‘बेल्ट दाखवा’ म्हटल्याबद्दल. त्याने अंगठा दिला फक्त. ठीक आहे. नंतर आम्ही एवढं ठरवलं की लहान मुलांचा व्हिडिओ आला की आधी त्या मुलाला काय चांगलं जमलंय ते एक लिहायचं, आणि खोटं लिहायचं नाही, शोधायचं. ‘मस्त’, ‘भारी’ हे चालणार नाही कारण त्यातून काही कळत नाही, ‘वळताना डोकं आधी फिरलं ते छान’ असं. मग विचारायचं असेल ते विचारायचं, आणि विचारताना ‘आमच्याकडे असं करतात, तुमच्याकडे?’ हे धरून. सुधारणा सांगायची असेल तर त्याच्या सरांना वेगळा मेसेज. सगळे पाळतात असं नाही. परवाच एकाने परत ‘रस्त्यावर चालत नाही हे’ लिहिलं, मी त्याला विचारलं, तुमच्या बाबतीत रस्त्यावर काय झालं होतं? त्याने खरोखर सांगितलं, कॉलेजला असताना चौघांनी मारलेलं, तेव्हा क्लासमधलं काहीच आठवलं नाही. मग त्यावर जे बोलणं झालं ते ग्रुपवरचं माझ्या आठवणीतलं सगळ्यात चांगलं बोलणं, भीतीने हातपाय गार पडणं ह्यावर लोक मोकळेपणी बोलले, मोठे मोठे ब्लॅक बेल्टवाले बोलले. तो राग नव्हता, ते दुखणं होतं आणि शब्द चुकीचा निवडला गेला होता.

मुलगी चौथ्या आठवड्यात आली. मी काही बोलले नाही, तीही नाही, शेवटच्या रांगेत उभी राहिली. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, वडील परत समुद्रावर. ऑक्टोबरात एक दिवस तिने स्वतःच आईच्या मोबाइलवरून व्हिडिओ टाकला, तोच काता. मी बघितलं तेव्हा धस्स झालं. आणि पहिला मेसेज त्याच माणसाचा आला. ‘दुसऱ्या कियाइला आवाज पोटातून आला, छान. पुढे जाताना मागचा आणि पुढचा पाय ह्यात तुमच्याकडे किती अंतर ठेवतात?’ (कियाइ म्हणजे मारताना पोटातून काढायची ती ओरड.)

ती क्लासला मोबाइल घेऊन आली, म्हणाली मॅडम तुम्ही लिहा. मी म्हटलं तू सांग, मी टाइप करते. तिने हॉलच्या फरशीवर पाय टाकला, वाकून वितीने मोजलं, परत टाकून परत मोजलं. मग सांगायला लागली, “सर, आमच्याकडे चालताना पडतं तेवढंच एक पाऊल ठेवतात, तुमच्यासारखं ताणून नाही.” मी टाइप केलं. तिने स्क्रीनकडे बघितलं, थोडा वेळ गप्प राहिली, आणि म्हणाली, “मॅडम, ‘ताणून’ काढा. ‘लांब’ लिहा.”